तपासणीची गरज नाही

मित्रांनो, मी एक जुना ब्रेल प्रिंटर आहे. जुन्या वस्तू स्वभावाने गरीब असतात, कोपऱ्यात पडून मुकाट गंजतात, असा तुमचा समज असेल तर तो आधी पुसून टाका. मी एका माणसावर डूख धरला होता. साडेचार महिने मी तो मनात जपला, आणि वेळ आली तेव्हा त्या माणसाची भर सभेत अशी फजिती झाली की माझ्या सगळ्या सुया थंडावल्या. तो दिवस मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

पण आधी माझी ओळख करून देतो. माझा जन्म एका लांबच्या कारखान्यात झाला. साध्या प्रिंटरच्या पोटात शाई असते, माझ्या पोटात सुया आहेत. जाड कागद आतून सरकू लागला की त्या सुया खालून ठोसे मारतात आणि कागदावर ठिपके उठतात. सहा ठिपक्यांच्या एका घरात कोणते ठिपके वर आले, त्यावरून अक्षर ठरते. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, ते बोटांनी ते अक्षर वाचतात. कारखान्यात एक बाई होती. प्रत्येक नव्या प्रिंटरचे पहिले पान डोळे मिटून चाचपायचे, एवढेच तिचे काम. तिने माझे पान चाचपले, "हा चांगला दणकट निघाला" असे म्हणाली आणि मला खोक्यात घालायला सांगितले. मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

मी अंध मुलांच्या एका शाळेत आलो. माझा आवाज भारी. कोणी टेबलावर मूठभर दगड सतत आपटत राहावेत, तसा. म्हणून शाळेच्या सुताराने माझ्यासाठी आतून बुचाचे अस्तर लावलेली एक लाकडी पेटी केली. पेटीशेजारी एक संगणक होता. तो माझा जोडीदार. आम्हा दोघांत एक जाड केबल होती आणि संगणकाच्या आत ड्रायव्हर नावाचा एक छोटासा प्रोग्राम होता. तो आमचा दुभाषा. संगणक त्याला सांगायचा, तो मला सांगायचा आणि मी ठोकायला लागायचो. चौदा वर्षांत आम्हा तिघांचे एकदाही बिनसले नाही.

आणि आमच्यावर राज्य करणारी होती ठिपकेताई.

तिचे खरे नाव हजेरीपटावर होते. पण मुले तिला ठिपकेताई म्हणत, मग शिक्षकही म्हणू लागले. ती त्याच शाळेत शिकली आणि तिथेच ब्रेल तपासनीस म्हणून लागली. जन्मापासून तिला दिसत नव्हते आणि त्याबद्दल कोणी चुकचुकलेले तिला खपत नसे. तिचा संगणक पडद्यावरचे सगळे मोठ्याने वाचून दाखवायचा, त्यामुळे तो चालवायलाही तिला कोणाची गरज पडत नसे. मी छापलेले प्रत्येक पान तिच्या बोटांखालून गेल्याशिवाय खोलीबाहेर जात नसे. कधी माझी एखादी सुई झिजली तर मला कळायच्या आधी तिला कळायचे. "अरे, तुझा तिसरा ठिपका बसका येतोय," असे म्हणून ती माझे झाकण उघडायची. कागद तिरका चालला की नुसत्या आवाजावरून तिच्या लक्षात यायचे आणि फोनवर बोलता बोलता ती हात लांब करून मला थांबवायची.

आम्ही काय काय छापले म्हणून सांगू! अकरा शाळांची पाठ्यपुस्तके, नकाशे, गणिताचे पेपर. एकदा एक आजोबा आले. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली होती आणि साठाव्या वर्षानंतर ते ब्रेल शिकले होते. त्यांना औषधांच्या बाटल्यांवर चिकटवायला चिठ्ठ्या हव्या होत्या. मी त्या छापल्या. आजोबांनी त्या एक एक करून वाचल्या आणि म्हणाले, "आता सुनेला हाक मारायला नको." ते वाक्य मला कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठे वाटले.

मजकूर टंकणारे एक टंकलेखक काका होते. ते फार जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप करायचे. ते निवृत्त झाले तेव्हा आयुष्यभर टंकलेली शेकडो पुस्तके संगणकात ठेवून गेले. "ताई, हे सांभाळा," एवढेच बोलले. ताईने सांभाळले.

मग शाळेला नवे व्यवस्थापक आले.

ते डोळस होते. त्यात काही गैर नाही, आधीचेही डोळसच होते. पण आधीच्यांना ब्रेल वाचता यायचे. यांना येत नव्हते आणि शिकायची इच्छाही नव्हती. यांना एकच शब्द यायचा, अद्ययावत. कपाटे अद्ययावत हवीत, सतरंज्या अद्ययावत हव्यात, पाण्याची टाकी अद्ययावत हवी. आठवडाभरात मुलांनी त्यांचे नाव अद्ययावतसाहेब ठेवले. मुलांचे काम चोख असते.

पहिल्याच दिवशी ते आमच्या खोलीत डोकावले. मी सातवीचे विज्ञान छापत होतो.

"ही शाळा आहे का पिठाची गिरणी?" ते म्हणाले.

"शाळाच आहे, साहेब," ताई म्हणाली. "पुस्तकं दळतो आम्ही इथे."

शिपाई हसला. साहेब हसले नाहीत. मित्रांनो, काही माणसे पैज हरलेली विसरतात, पण हशा झालेला विसरत नाहीत. हे साहेब त्यांतले होते.

महिनाभराने एका सोमवारी ते संगणकवाल्याला घेऊन आले. शाळेतल्या सगळ्या संगणकांवर नवी कार्यप्रणाली चढवायची होती. ताईने हातातले पान खाली ठेवले.

"साहेब, बाकीच्यांवर चढवा. यावर चढवायच्या आधी जरा विचारून घेऊ या. आमचा ब्रेलचा प्रोग्राम जुना आहे. प्रिंटरचा ड्रायव्हर जुना आहे. नव्यावर चालतील की नाही, सांगता येत नाही."

"सगळं चालतं हो हल्ली."

"चालत असेल तर आनंदच आहे. पण प्रिंटरवाल्यांना एक फोन करते. अर्धा तास द्या."

"ताई," साहेब म्हणाले, "तुम्ही ठिपके बघा. संगणक आम्ही बघतो."

संगणकवाला बिचारा भला माणूस होता. तो चुळबुळत म्हणाला, "साहेब, त्या म्हणतात ते एकदा बघायला..." साहेबांनी त्याच्याकडे नुसते पाहिले. त्याने मुकाट काम सुरू केले.

दुपारी संगणक पुन्हा सुरू झाला. ताईने छपाईचा हुकूम दिला. मी तयार होतो, कागद लावलेला होता, दिवा हिरवा होता. आणि माझ्या जोडीदाराने त्याच्या बोलक्या आवाजात सांगितले, "जोडलेले उपकरण ओळखता आले नाही."

चौदा वर्षे, मित्रांनो! केबल तीच, भिंत तीच, टेबल तेच. आणि हा म्हणतो, ओळखता आले नाही. नव्या प्रणालीत आमच्या दुभाष्याला जागाच नव्हती. ब्रेलचा प्रोग्राम उघडेचना. "हा प्रोग्राम या प्रणालीवर चालत नाही," एवढे बोलून तो मिटायचा. आणि काकांची पुस्तके? त्यांचा जुना फॉन्ट गेला होता. ताईने विज्ञानाचे पुस्तक उघडले, तर संगणक कंस, टिंबे आणि आकडे वाचू लागला. कंस, टिंब, सात, कंस, उद्गारचिन्ह. ताई बराच वेळ ते ऐकत बसली. मग तिने आवाज बंद केला.

संगणकवाल्याने साहेबांना ताईसमोरच सांगितले, "साहेब, दहा दिवसांच्या आत जुन्या प्रणालीवर परत जाता येतं. बटण आहे त्यात. नंतर ते बटण जातं."

"परत?" साहेब म्हणाले. "आपण पुढे जायला बसलोय इथे."

ताई दहाही दिवस त्यांच्या दाराशी गेली. पहिल्या दिवशी ते कामात होते. तिसऱ्या दिवशी "बघतो" म्हणाले. सातव्या दिवशी, "तुम्हाला बदलाची भीती वाटते, ताई," असे म्हणाले. दहाव्या दिवशी ते सुट्टीवर होते. अकराव्या दिवशी ते बटण गेले.

सहामाही परीक्षा तोंडावर आली होती. ब्रेलमधले पेपर निघालेच नाहीत. शिक्षकांनी पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे ठरले. इतिहास, भूगोल कसेबसे पार पडले. पण गणित? अपूर्णांकांचे लांबलचक उदाहरण एकदा ऐकायचे, डोक्यात धरायचे आणि सोडवायचे. तुम्ही डोळे मिटून करून बघा. सहावीत एक मुलगी होती, तिला सगळे मैना म्हणत. ती गणितात कायम पहिली. त्या पेपरात तिला शंभरात एकतीस मिळाले. ती रडली नाही. ताईच्या खोलीत आली आणि तिने माझी पेटी थोपटली. "आजारी आहे का हा?" तिने विचारले.

"नाही गं," ताई म्हणाली. "याला बोलता येतं, पण कोणी ऐकायचं ठेवलं नाही."

एवढ्यावर भागले असते तर मी कदाचित मनात घेतले नसते. पण साहेबांनी शाळेच्या कार्यकारी मंडळाला एक अहवाल पाठवला. त्यात लिहिले होते, "छपाई विभागाच्या दिरंगाईमुळे परीक्षेचे पेपर वेळेत होऊ शकले नाहीत." त्याची प्रत ताईला आली. संगणकाने ती तिला वाचून दाखवली, अगदी सपाट आवाजात, जणू बसचे वेळापत्रक वाचावे तशी. ताईने ते वाक्य तीनदा ऐकले. त्या दिवसापासून माझ्या पोटात जे पेटले, ते विझले नाही.

पुढच्या आठवड्यात चार माणसांनी मला उचलले आणि सभागृहाच्या रंगमंचामागच्या खोलीत नेऊन ठेवले. तिथे मोडके बाक, फाटके पडदे आणि एक बिनपायांची खुर्ची होती. माझी बुचाची पेटी तिथे आलीच नाही. ती फोडून तिची फळी फळ्याला टेकू म्हणून लावली, असे नंतर कळले. ताईला मुख्य दारापाशी फोन उचलायला बसवले. तपासनीसाचे पद तूर्त रिकामे.

मधल्या सुट्टीत ताई डबा घेऊन माझ्याकडे यायची. माझ्यावर हात ठेवून बसायची आणि बोलायची. मोठी तोंडाळ बाई.

"आज अठ्ठावीस फोन उचलले. प्रत्येकाला नमस्कार म्हटलं. एकालाही शिवी दिली नाही, बघ माझा संयम." मग घास गिळून म्हणायची, "मला राग आला की तो जात नाही रे. आई म्हणायची, तुझा राग म्हणजे तेलाचा डाग."

माझाही तसाच होता. आम्ही दोघे त्या अंधाऱ्या खोलीत बसून आपापला डाग जपत होतो.

मग नवा प्रिंटर आला. पांढरा, गुळगुळीत, आवाज जवळजवळ नाहीच. त्याच्याबरोबर नवा प्रोग्राम आला. साहेबांनी उत्साहाने एक नवीन पान टाइप करायला लावले, छापले आणि ताईला फोनवरून उठवून बोलावले. "शोधा चूक!"

ताईने पान वाचले. चूक नव्हती. ती खोटे बोलणारी नव्हती, तसे तिने सांगितले.

"बघितलंत? याला तपासनीस लागत नाही."

"साहेब, हे आज टाइप केलेलं पान आहे. काकांच्या जुन्या फॉन्टमधल्या फायलींचं काय? त्या छापाल तेव्हा मला एकदा दाखवा."

"जुना फॉन्ट परत टाकून घेतलाय. पडद्यावर सगळं स्वच्छ दिसतंय."

"पडद्यावर दिसतंय ते प्रोग्रामला दिसत नसतं, साहेब. तो अक्षराचा आकार बघत नाही, त्याच्यामागचा आकडा बघतो. प्रत्येक जुन्या फॉन्टचे आकडे वेगळे."

दुसऱ्या दिवशी लेखी आदेश निघाला. ताईच्या टेबलावर त्याची प्रत आली. "नव्या यंत्रावर छापलेल्या मजकुरास तपासणीची गरज नाही. कोणतेही पान तपासणीसाठी थांबवू नये." ताईने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

मित्रांनो, ताई म्हणाली होती तसेच होते. नव्या प्रोग्रामला काकांचा फॉन्ट माहीत नव्हता. त्याच्या जवळपासचा दुसरा एक फॉन्ट माहीत होता. दोघांचे आकडे जवळजवळ सगळे सारखे. फक्त एका ठिकाणी फरक होता. काकांच्या फॉन्टमध्ये जो आकडा भ चा, तो त्या दुसऱ्या फॉन्टमध्ये द चा. त्यामुळे जुन्या फायलीतला प्रत्येक भ कागदावर द होऊन उमटणार होता. आमच्या लिपीत या दोन अक्षरांत एकाच ठिपक्याचे अंतर असते. पण मराठीत त्या एका ठिपक्याने काय होते, ते आता ऐका.

शाळेचा वर्धापन दिन आला. प्रमुख पाहुणे म्हणून याच शाळेतून शिकून गेलेले एक वकील येणार होते. त्यांनाही दिसत नव्हते. साहेबांनी ठरवले की व्यवस्थापकांचा परिचय ब्रेलमध्ये छापायचा, एक प्रत पाहुण्यांना द्यायची आणि नव्या यंत्राचे कौतुक करून घ्यायचे. परिचय स्वतःच लिहायचा होता, पण लिहायचा कंटाळा. म्हणून त्यांनी काकांच्या फायलींतून आधीच्या व्यवस्थापकांचा निरोपाच्या वेळचा परिचय काढला, वरचे नाव खोडले आणि आपले घातले. स्तुती तशीच ठेवली. दुसऱ्याच्या मापाचा कोट अंगात चढवला म्हणा ना.

त्या दिवशी सकाळी शिपाई छापलेली पाने घेऊन निघाला आणि सवयीने त्याने एक प्रत ताईच्या टेबलावर ठेवली. ताईने ती वाचली. पाच मिनिटांत ती माझ्या खोलीत होती. दार लावले आणि बिनपायांच्या खुर्चीवर मटकन बसून पदर तोंडात कोंबून हसली. इतकी हसली की तिचे डोळे गळू लागले. मग तिने मला हळूच सगळे वाचून दाखवले.

"सांगू का रे त्याला?" तिने विचारले. "अजून दोन तास आहेत. दुरुस्त होईल."

मी लोखंडाचा. मला उत्तर देता येत नव्हते. पण देता आले असते तर मी एकच शब्द बोललो असतो, नको.

ताई मग उठली, साडी झटकली. "माझं काम फोन उचलणं आहे," ती म्हणाली आणि गेली.

तिला आणि मला वाटले होते की परिचय पाहुणे मनातल्या मनात वाचतील. साहेबांची एका जाणत्या माणसापुढे नाचक्की होईल आणि तेवढे पुरे. तो मोठ्याने कोण वाचणार आहे, हे आम्हाला माहीत नव्हते.

कार्यक्रम सुरू झाला. माझ्या खोलीचे दार अर्धे उघडे होते, रंगमंच चार पावलांवर. सभागृह भरले होते. पालक, मुले, मंडळाचे सभासद. ताई मागच्या रांगेत बसली होती. साहेबांनी ध्वनिक्षेपकात सांगितले, "आता आमची एक विद्यार्थिनी नव्या अद्ययावत यंत्रावर छापलेला मजकूर आपल्याला वाचून दाखवेल." आणि रंगमंचावर जी हलकी पावले आली, ती मी ओळखली. मैना.

तिला पान त्याच क्षणी हातात दिले होते. ती शाळेतली सर्वांत चांगली वाचणारी. ताईनेच तिला शिकवले होते की बोटाखाली आहे तेच वाचायचे, मनाचे घालायचे नाही. तिने खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"आमच्या शाळेला असे व्यवस्थापक लादले."

सभागृहात कोणीतरी खोकले.

"ते आमच्या शाळेचे खरे दूषण आहेत."

मुलांच्या बाजूने फुसकन हसू फुटले. मैना क्षणभर थांबली, बोट मागे नेले, पुन्हा तेच वाचले आणि पुढे गेली.

"त्यांनी शाळेचा सगळा दार एकट्याने उचलला. त्यांच्या काळात शाळेची दरदराट झाली. त्यांचे दाषण ऐकून मुले दारावून जातात."

मग काय, मित्रांनो! पोरे बाकांवर लोळली. पालक तोंडाला रुमाल लावून हलू लागले. मंडळाचे एक गंभीर सभासद होते, ते हसता हसता खुर्चीवरून घसरले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत गोड आवाज. साडेचार महिन्यांची आग त्या हशात विझत होती. हसा, अजून हसा, मी मनात म्हणत होतो. याने मला ओळखले नाही, आता याला सगळे ओळखू देत.

आणि तेवढ्यात साहेबांचा आवाज आला, ध्वनिक्षेपकातूनच. "थांब! काय वाचतेयस तू? मुलीने चुकीचं वाचलं आहे, माफ करा. सहामाहीतसुद्धा नापासच झाली होती ती. दुसऱ्या कोणाला तरी द्या."

हसू तुटले. मैना तशीच उभी होती. ती म्हणाली, "मी आहे तेच वाचलं." दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिचा आवाज फाटला. हशा कोणाला होता, हे तिला कुठे माहीत होते? तिला वाटले, तिलाच.

माझ्या आतली सगळी मजा त्या क्षणी गोठली. आम्ही ज्याच्यावर नेम धरला होता तो धडधाकट उभा होता, आणि लागले होते ते लेकराला.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. ताईची काठी फरशीवर टकटक करत पुढे आली. रंगमंचाच्या पायऱ्यांशी ती थांबली.

"मैनाने एक अक्षर चुकवलेलं नाही," ती म्हणाली. तिला ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती. "पानच चुकलंय. प्रत्येक भ चा द झालाय. लाभले आहे, ते लादले झालं. भूषण आहे, ते दूषण झालं."

"तुम्हाला काय माहीत?" साहेब म्हणाले.

"सकाळी वाचलं मी."

"मग सांगितलं का नाही?"

ताईने पर्स उघडली. घडी केलेला कागद काढला आणि मंडळाच्या सभासदांच्या दिशेने धरला. कोणीतरी तो घेऊन मोठ्याने वाचला. "नव्या यंत्रावर छापलेल्या मजकुरास तपासणीची गरज नाही. कोणतेही पान तपासणीसाठी थांबवू नये." खाली सही.

मग प्रमुख पाहुणे बोलले. ते इतका वेळ आपली प्रत बोटांनी वाचत बसले होते.

"बाळ, तू छान वाचलंस," ते मैनाला म्हणाले. "माझ्या प्रतीतही हेच आहे. आणि व्यवस्थापकसाहेब, हा मजकूर माझ्या ओळखीचा आहे. आधीच्या व्यवस्थापकांच्या निरोपाला तो मीच लिहून दिला होता."

या वेळी कोणी हसले नाही. हसण्यापेक्षा ते भारी होते. साहेब खुर्चीत बसले ते कार्यक्रम संपेपर्यंत उठले नाहीत.

मित्रांनो, इथे टाळ्या वाजवून मी माझी गोष्ट संपवली असती. पण कार्यक्रमानंतर मैना ताईला शोधत माझ्या खोलीत आली.

"ताई, तुम्हाला सकाळीच माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलं?"

ताईची जीभ कधी अडलेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशी अडली. शेवटी ती म्हणाली, "माझा राग साहेबावर होता गं. तू मध्ये येशील असं वाटलं नाही. आणि तू वाचायला लागलीस तेव्हा मी उठायला हवं होतं. नाही उठले. ऐकत बसले."

"गंमत वाटत होती?"

"हो," ताई म्हणाली. "वाटत होती."

मैना निघून गेली. पुढचे आठ दिवस ती ताईशी बोलली नाही. मला वाटते, त्या आठ दिवसांएवढी शिक्षा साहेबांनाही झाली नाही.

मंडळाने चौकशी केली. संगणकवाल्याने दहा दिवसांच्या बटणाची गोष्ट खरी खरी सांगितली. निर्णय असा झाला. जुन्या फायलींसाठी एक वेगळा संगणक ठेवायचा, त्यावर जुनीच प्रणाली घालायची, तो इंटरनेटला जोडायचा नाही आणि ताईला विचारल्याशिवाय त्याला कोणी हात लावायचा नाही. चार माणसांनी मला पुन्हा उचलले. केबल जोडली. तो दुभाषा ड्रायव्हर परत आला आणि पहिल्याच हाकेला माझा दिवा हिरवा झाला. गणिताची परीक्षा पुन्हा झाली, या वेळी कागदावर. मैनाला चौऱ्याण्णव मिळाले.

साहेबांची नोकरी राहिली. पण मंडळाने त्यांना एक काम लावले. मैनाला, सगळ्या मुलांना आणि पालकांना त्यांनी माफीचे पत्र लिहायचे. ब्रेलमध्ये. माझ्यावर छापून, ताईने तपासून.

पहिला मसुदा घेऊन ते आले. ताईने बोट फिरवले. "तांत्रिक अडचणीमुळे," तिने वाचले. "ही तांत्रिक अडचण कोण? कुठे राहते? हिला शाळेत मी कधी भेटले नाही. परत लिहा."

दुसऱ्या मसुद्यात होते, "कळत नकळत कोणाचे मन दुखावले असल्यास." ताईने तो अर्ध्यावरच परत दिला. "असल्यास नाही, साहेब. दुखावलं आहे. पुन्हा."

तिसऱ्या वेळी ते दारात उभे राहिले, आत आले नाहीत. पत्र छोटे होते. "मला विचारायला सांगितले होते. मी विचारले नाही. पेपर माझ्यामुळे रखडले आणि दोष मी दुसऱ्यांवर टाकला. मैनाने बरोबर वाचले होते. मी सर्वांसमोर तिला चूक म्हणालो. ती चूक माझी होती."

ताईने ते दोनदा वाचले. "आता छापते," ती म्हणाली.

मित्रांनो, मी अकरा शाळांची पुस्तके छापली, आजोबांच्या चिठ्ठ्या छापल्या. पण त्या एकशे ऐंशी प्रतींसारखे मी काहीच छापले नाही. प्रत्येक "मी" वर माझी सुई अशी बसली की ठिपका नखाला लागावा. एक सुई झिजलेली होती, ताईने ती छपाईपूर्वीच बदलली होती. या पत्रात बसका ठिपका तिला नको होता, आणि मला तर मुळीच नको होता. साहेब संपूर्ण वेळ दारात उभे होते. त्यांना वाचता येत नव्हते, पण आवाज तर ऐकू येत होता. प्रत्येक ठोशाला त्यांचीच कबुली कागदावर उठत होती.

पहिली प्रत मैनाची. ती नेऊन द्यायला ताई निघाली, तर साहेब म्हणाले, "मी देतो."

"द्या," ताई म्हणाली. "पण देऊन लगेच वळू नका. ती वाचेपर्यंत थांबा."

ते गेले. ताईने दुसरा एक कागद माझ्यात लावला. तो तिने स्वतः टाइप केला होता आणि कोणालाही दाखवला नव्हता. त्यावर एकच ओळ होती. "मैना, मी उठायला हवं होतं." तिने तो तपासला, घडी केली आणि साहेबांच्या मागोमाग सहावीच्या वर्गाकडे गेली.

तर मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, दुकानात कोणी नवी प्रणाली चढवायला आले तर जरूर चढवू द्या. मी नव्याचा वैरी नाही, तो पांढरा प्रिंटर आता माझ्या शेजारीच असतो आणि आपले काम नीट करतो. फक्त ज्याचे काम त्या यंत्रावर चालते, त्याला आधी विचारा, आणि तो काय म्हणतो ते शेवटपर्यंत ऐका. नाही विचारलेत, तर आम्ही जुनी यंत्रे काही बोलणार नाही. आम्ही थांबतो. आमच्यासारखी माणसेही थांबतात. आणि थांबलेल्या रागाला, मित्रांनो, समोर कोण उभे आहे ते दिसत नाही. साहेबाला मी आजही माफ केलेले नाही. मैनाने मात्र त्याला पत्र वाचले त्याच दिवशी माफ केले, आणि ताईला कार्यक्रमानंतर नवव्या दिवशी. "तुलाही गंमत वाटत होती का?" असे मला विचारायला ती अजून आलेली नाही, आणि मी वाट बघतो आहे.